लागलेलं जाळं

रत्नागिरी सोडली त्या सकाळी फाटकाच्या तारेत माझी ओढणी अडकली. रिक्षावाला हॉर्न बडवत होता. मी हिसका देणार तोच आई ओरडली, "ओढू नको गो! थांब जरा, सुटेल." मला राग आला, भीतीही वाटली. आमच्या घरात अडकलेल्याला ओढायचं नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं.

त्याच्या आदल्या वर्षी बाबांची होडी आरे-वारेच्या पुढे सापडली होती. रिकामी. जाळं तळाच्या खडकाला लागलेलं, दोर ताठ. माणसं कोयते घेऊन निघाली तर आई आडवी आली. आमच्याकडे लागलेलं जाळं लगेच कापत नाहीत. दोराला खुणेचा तरंगता बोया बांधून ठेवतात, पाणी फिरलं की सुटतं. रिवाज जाळ्याचा, आईने तो नवऱ्याला लावला. "अडकलेत ते," म्हणाली. ना दिवस केले, ना मंगळसूत्र काढलं.

मेलबर्नला आले तर इथे एक शब्दच मागे लागला. स्नॅग, म्हणजे अडकणं. नव्या फ्लॅटमधली खोट शोधायची माझी नोकरी, तिथे प्रत्येक खोट म्हणजे स्नॅग. मोज्याचा धागा ओढला गेला, स्नॅग. शेजारीण पावात सॉसेज घालून देते, तोही स्नॅग! मेल्यांना दुसरा शब्द मिळाला नाही? मग एकदा नदीवर होडीतून फिरायला गेले. नावाडी म्हणाला, या गढूळ पाण्याखाली बुडालेली झाडं आहेत, तेही स्नॅग. होड्या फाटतात, पण आम्ही ती काढत नाही, मासे त्यांच्याच आसऱ्याला राहतात. माझ्याने पाण्यात हात घालवेना.

मागे राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही सुटलो. माझ्यासारखे गेलेले सांगतील, कसले सुटतोय!

आईला इकडे आणायचं, एवढंच माझं चाललं होतं. व्हिसाही आला. पण दर फोनला तिचं एकच, "बोया अजून जागेवर आहे. ते सुटले की येते."

गेल्या रविवारी संध्याकाळी, तिकडे दुपार असताना, तिनेच व्हिडिओ कॉल लावला. केसांत अबोलीचा गजरा!

"सुटलं गो जाळं. बोया गेला."

मला रडूच फुटलं. म्हटलं, "मग तिकीट काढू?"

"आता कशाला?" ती कुजबुजली. "हळू बोल. आत्ताच जेवून लवंडलेत."

तिच्यामागे ओटीवर कुणी नव्हतं. चटई तेवढी अंथरलेली होती, आणि पंखा चटईकडे वळवलेला.

मी आवाज कमी केला. घर कुठे, असं कुणी विचारलं तर आता सांगते, ती दोघं आहेत तिथे. बाहेर राहिले ती मीच.