गाडी कोण चालवत होतं?

"मॅडम, पोऱ्या लहान शे. त्याले काही व्हनार नही ना?"

बाल न्याय मंडळाच्या व्हरांड्यात मला हा प्रश्न रोज कोणी ना कोणी विचारतं. त्या दिवशी विचारणारे नाना होते, अमळनेरकडचे शेतकरी. शेजारी त्यांचा धाकटा मुलगा गौरव, वय सोळा, अकरावीत. आणि नानांच्या खांद्याला खांदा लावून गौरवचा मामा. हा मामा तालुका कोर्टाच्या आवारात दिवसभर बसतो, म्हणून गावात त्याला वकील म्हणतात. खरे वकील त्याला काय म्हणतात ते लिहीत नाही.

मी जळगावला परिवीक्षा अधिकारी आहे. मुलाच्या हातून गुन्हा घडला की त्याच्या घरी जायचं, शाळेत जायचं, माणसांशी बोलायचं आणि तो असा का वागला याचा अहवाल मंडळाला द्यायचा, हे माझं काम. मंडळ म्हणजे एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजसेवक. तिथे पिंजरा नाही, बेड्या नाहीत, पोलीससुद्धा साध्या कपड्यांत येतात. मुलाला आरोपी म्हणायचं नाही, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणायचं. एवढा शब्द उच्चारेपर्यंत बालक सज्ञान होतं, पण हेतू चांगला आहे.

प्रकरण साधं दिसत होतं. भुसावळला भेंडी उतरवून नानांची पिकअप रिकामी परत येत होती. नशिराबादजवळ रस्ता ओलांडणाऱ्या एका म्हातारीला तिची धडक बसली आणि बाईचा पाय मोडला. गाडी पळाली नाही. त्याच गाडीतून बाईला जळगावला सिव्हिलमध्ये नेलं. गाडीत दोघे भाऊ होते, मोठा सागर आणि गौरव. पोलिसांना सांगितलं गेलं की गाडी गौरव चालवत होता.

मॅजिस्ट्रेट साहेबांनी त्याला विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "हो सर, मीच."

मला अहवालाचं काम मिळालं. मी आधी जखमी माणसाकडे जाते, ही माझी सवय. म्हणून नशिराबादला त्या म्हातारीकडे, अक्कांकडे गेले. पाय प्लास्टरमध्ये, तोंड मात्र ठणठणीत. पोरानं गाडी वेडीवाकडी चालवली का, एवढंच मी विचारलं.

"कोनतं पोरगं? गाडी चालोनारा तं खालीच नही उतरला. हातात चाक धरून बसला व्हता, भुतासारखा. हे बारकं पोरगं मांगून उडी मारून आलं. मले पानी पाजलं, डोक्याखाले सोताचा टॉवेल ठेवला. धुवून ठेवला हाये तो. देऊन देजा त्याले."

"हे पोलिसांना सांगितलं का?"

"इचारलंच नही कोनी. गाडीचा नंबर इचारला."

टॉवेल घेऊन मी दुसऱ्या दिवशी गौरवच्या गावी गेले. त्याच्या आईनं चहा टाकला. मी गौरवला गोठ्याकडे नेलं आणि टॉवेल त्याच्या हातात दिला. अक्का काय म्हणाल्या तेही सांगितलं. त्यानं टॉवेलाची घडी उलगडली, परत घातली, मग रडायला लागला.

"दादानी तीनदा भरती दिधी, मॅडम. नंबर लागना नही. आते परत भरती निंघनी. दादावर केस झाई तर संपनं. माले काही व्हनार नही, मामा म्हने."

सागर धुळ्याला एका अकॅडमीत पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे धावायचं, दुपारी गणितं सोडवायची. पोलीस होऊ पाहणाऱ्या माणसावरच गुन्हा, म्हणजे घराची सगळी आशाच जाणार. मामानं सिव्हिलच्या दारातच मार्ग काढला होता. अपघातासारख्या छोट्या गुन्ह्यात मुलावर एफआयआर होत नाही, फक्त स्टेशन डायरीत नोंद होते. पुढे नोकरीतही त्यामुळे आडकाठी येत नाही. इथपर्यंत मामा बरोबर होता. उंटावरच्या शहाण्याला अर्धा रस्ता नेहमी नीट दिसतो.

मला राग आला होता, तो मामाचा. गौरवचा येणं शक्यच नव्हतं.

सागर घरीच होता. ओट्यावर सगळ्यांना बसवून मी उरलेला अर्धा रस्ता सांगितला. मुलानं गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्यात गाडीचा मालक किंवा पालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. गाडीचं रजिस्ट्रेशन एक वर्ष रद्द. मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. गाडी नानांच्या नावावर, पालकही नानाच.

नाना मामाकडे वळले. "तू तं म्हने काही व्हत नही."

"पोऱ्याले व्हत नही, आसं म्हनलो व्हतो मी," मामा म्हणाला.

"सागरकडे लायसन आहे," मी म्हटलं. "गाडीचा विमा आहे. तो चालवत होता म्हटलं तर अक्कांच्या भरपाईचाही प्रश्न सरळ सुटतो. तुम्ही सरळ रस्ता सोडून काट्यात गाडी घातली. मला कळलं ते मी अहवालात लिहिणार. त्याआधी कोणाला स्वतः यायचं असेल तर पुढच्या तारखेला या."

मी निघताना सागर फाटकापर्यंत आला. म्हणाला, "मॅडम, मी त्या दिवशी उतरलोच नाही. पाय हलेनात. गौरव उतरला." आणि परत फिरला.

पुढच्या तारखेला सागर अकॅडमीचा ट्रॅकसूट घालून मंडळासमोर उभा राहिला आणि घडलं ते सांगितलं. साहेबांनी नानांची चांगली खरडपट्टी काढली. गौरवला सोडून दिलं. सागरवर पोलिसांनी गुन्हा नोंदवला. नेहमीच्या कोर्टात त्यानं कबुली दिली आणि दंड भरला. त्या वर्षीच्या भरतीत त्यानं फॉर्मवर केस लिहिली. निवड झाली नाही. तो म्हणतो गोळाफेकीत मार्क गेले. असेलही. अजून धावतो पहाटे.

मुलांसाठीच्या या कायद्याला लोक मऊ म्हणतात. मऊ आहेच, पोर चुकतं म्हणून. मोठ्यांना त्यात लपायला जागा नाही, एवढंच लोकांच्या लक्षात राहत नाही.

परवा व्हरांड्यात मामा भेटला, नवीन माणूस घेऊन.

"मॅडम, एक पोऱ्या शे, सतरा वरीसना. मोटरसायकलनं प्रकरण..."

"मामा," मी म्हटलं, "आधी सांगा, चालवत कोण होतं?"

मामानं सोबतच्या माणसाला हाताला धरलं आणि जिन्याकडे वळला.