पहिल्या नंबरचं चित्र

आमचे हे फाटकापाशी गाडी लावत होते, तेवढ्यात मी शाळेच्या भिंतीवरचं चित्र ओरबाडून काढलं. माझ्या सुमीचं, पहिला नंबर आलेलं. हातात पट्टा घेतलेला बाप, खाली पडलेली मी, आणि पट्ट्याचं बक्कल तर खरंच चमकत होतं.

"अहो ताई, फाडताय काय? पोरगी चित्रकार होईल! जे बघितलं तेच काढा, असं शिकवतो आम्ही," चित्रकलेच्या बाई ओरडल्या.

"पण तिला घरी जायचंय ना, बाई!"

मी सातवी शिकले. आम्हाला डोंगर, सूर्य, झोपडी काढायला लावायचे, त्यावरून कुणी मार खाल्ला नाही.

तुकडे पदरात दडवले. सुमी रडली नाही, नुसती मला निरखत राहिली. आता हेही काढेल ती. तुम्ही काय केलं असतं?