दीड हाताची गादी

आप्पांना मी फोनवर सांगितलं होतं की चेन्नईत मला एकच खोली मिळालीय. ते खोटं होतं. हॉल आणि दोन खोल्या होत्या, आणि त्यांत मी एकटा, लग्नही न झालेला. घरच्या कुणालाच हे ठाऊक नव्हतं.

कारण साधं होतं. गावाकडं एका खोलीत आम्ही सातजण झोपायचो. कुणाचा पाय माझ्या पोटावर, कुणाचा श्वास कानात. मी उंबऱ्याला डोकं लावून दाराशी झोपायचो. श्रीपेरुंबुदूरला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्येही शेजारच्या सीटवर मी डबा ठेवायचो, म्हणजे कुणी टेकायला नको.

मे महिन्यात आईवडील, बहीण आणि तिची चार वर्षांची मुलगी आठवडाभरासाठी आले. मी त्यांना लॉजवर खोली घेऊन दिली. रविवारी मात्र जेवायला घरी बोलवावंच लागलं. तेव्हा मी आतल्या दोन्ही खोल्यांना कुलपं लावली आणि सांगितलं, "त्या मालकिणीच्या आहेत."

आप्पांनी पिशवीतून एक गुंडाळी काढली. गादी होती, जेमतेम दीड हात रुंद.

"तुझ्याकडं जागा नाही म्हणलास ना. जुनी उसवून आईनं बारीक शिवली. भिंतीला लागून मावंल."

मी मान खाली घालून पानं वाढायला लागलो.

इतक्यात घरमालकीण मामी पायसमचं पातेलं घेऊन वर आल्या. मूळच्या तंजावरच्या, घरात जुन्या वळणाची मराठी बोलायच्या. माझ्याशी मात्र कायम इंग्रजीत बोलत, त्यामुळं त्यांना मराठी येते हे मी विसरूनच गेलो होतो. चेन्नईत मराठीतलं खोटं खपून जातं, असा माझा हिशेब.

"हे काय? आपल्याच खोल्यांस कुलूप कशास घातलात?"

बहिणीनं कुलपांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आईनं गादीची गुंडाळी हळूच पाठीमागं सरकवली. ते मला सगळ्यात जास्त लागलं. आप्पा जेवले, हात धुतले आणि म्हणाले, "दुपारनं लॉजवर जाऊ. संध्याकाळच्या गाडीचं बघू."

आठवड्यातले पाच दिवस अजून शिल्लक होते.

ऊन उतरेपर्यंत थांबायचं म्हणून भाचीनं टीव्ही लावला. तमिळमध्ये सीलांचा कार्यक्रम चालला होता. आम्हाला कुणालाच कळेना, म्हणून मामी सांगायला बसल्या. मोठ्या नाकाचे थोराड सील किनाऱ्यावर एकमेकांच्या अंगावर पडून ढिगानं झोपतात. ठिपक्यांचे मात्र खडकावर अंतर राखून पसरतात. कुणी जवळ सरकलं की पुढचा पाय हलवून गुरगुरतात.

आई पहिल्यांदा हसली. "हे ढिगातले आपण की गं!"

"आणि तो गुरगुरतोय तो मामा," भाची म्हणाली.

पडद्यावरचा सील नेमका तेव्हाच मान वर करून खेकसला. बहिणीला ठसका लागला. मामी पदरात हसू लपवत होत्या. मलाही आवरलं नाही.

आप्पा तेवढे हसले नाहीत. पडद्याकडं बघत म्हणाले, "त्याला अंतर लागतंय. लागू दे. पण खडक एकच आहे बघ. दुसऱ्यांना दुसऱ्या खडकावर धाडत नाही तो."

मी उठलो आणि दोन्ही कुलपं काढली. "आप्पा, मी खोटं बोललो. ऊन उतरलं की लॉजवरचं सामान घेऊन येतो. जाऊ नका."

"मला काय ठाऊक नव्हतं व्हय तू कसा आहेस? पाच वर्षांचा असल्यापासून उंबऱ्यावर झोपतोस. नुसतं सांगायचं होतंस. भिंतीकडंची जागा दिली असती."

त्यांनी हॉलमध्ये पंख्याखाली सतरंजी पसरली. तिच्या कडेला कोपर टेकवून बोटांपर्यंत असे हात मोजले, एक, दोन, आणि तिथं ती बारीक गादी घातली. "हे तुझं. ह्याच्या आत कुणी येणार नाही."

मामी खाली गेल्या. आतल्या दोन खोल्या उघड्या असूनही सगळे हॉलमध्येच आडवे झाले, ढिगानं. मलाही झोप लागली. जागा झालो तेव्हा भाचीची टाच माझ्या पोटावर होती. दोन हातांचं अंतर ती झोपेतच लोळत ओलांडून आली होती.

मी हळूच गुरगुरलो.

"आला, आला सील!" बहीण पलीकडून खिदळली.

आप्पांनी डोळे उघडले नाहीत. "पोरी, अंतर ठेव," एवढंच म्हणाले. मी ती टाच तशीच राहू दिली. संध्याकाळची गाडी त्यांच्याविनाच गेली.