दुसऱ्या गटाच्या सिस्टर

साळवे सिस्टर माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी हाताकडे. आमच्या मेडिकल कॉलेजच्या वैद्यकीय शिक्षण विभागात मी समन्वयक म्हणून रुजू झाले त्या दिवशी मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी माझ्या जोडलेल्या हातांतला डावा हात सोडवून घेतला, मनगटाच्या वर अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "बरीय की शीर. उजवी बघू?" माझं नाव त्यांनी विचारलं ते यानंतर.

कॉलेजातली निम्मी माणसं त्यांना शिरांवरून लक्षात राहायची. अकाउंट्समधले जाधव म्हणजे "ते शीर पळणारे", ग्रंथपाल मॅडम म्हणजे "त्या बारीक शिरांच्या". डीन सरांबद्दल त्यांना कायमची हळहळ. "काय सुरेख शिरा हायेत सायबांच्या! अंधारात सुद्धा सलाईन लागंल. पण उपयोग काय? माणूस कधी ॲडमिटच होत न्हाई." सिटी बसमध्ये कंडक्टरने हात पुढे केला की त्या तिकिटाआधी त्याच्या कोपराची खोबण बघायच्या. मी एकदा दटावलं, तर म्हणाल्या, "बघायला काय तिकीट लागतं का?"

त्यांचं सगळं आयुष्य वॉर्डात गेलं होतं. निवृत्तीनंतर कॉलेजने त्यांना करारावर ठेवून घेतलं आणि दुसऱ्या मजल्यावर टोकाची खोली दिली. बोर्डावर 'कौशल्य प्रयोगशाळा' असं भारदस्त नाव होतं. आत एक लांब टेबल, ट्रे, सुयांचे खोके आणि एक रबरी हात. त्या हातात नळ्या होत्या, नळ्यांत लाल पाणी. सुई बरोबर गेली की लाल पाणी वर यायचं. एमबीबीएस संपवून वॉर्डात काम शिकायला आलेली इंटर्न मुलं त्या हातावर सलाईन लावायचा सराव करायची.

त्या हाताचं नाव सिस्टरनी दाजी ठेवलं होतं. "दाजींना कितीही टोचा, दाजी बोलत न्हाईत. असं दाजी नगर जिल्ह्यात दुसरं मिळायचं न्हाई." हे वाक्य प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी. केरळची आणि दिल्लीची मुलं त्या दिवशी नुसती बघत राहायची, पण आठवड्याभरात तीही "आज दाजींचं लाल पाणी बदललं का?" असं विचारायची.

शिकवण्याची त्यांची रीत ठरलेली होती. पेशंटजवळ गेल्यावर ट्रे बाजूला ठेवायचा, हात हातात घ्यायचा आणि विचारायचं, "मावशी, गाव कुठलं? पाऊसपानी कसं हाय तिकडं?" यात लाघव वगैरे काही नव्हतं. "माणूस गावाचं सांगाया लागलं की हात सैल पडतो. भ्यालेल्या हाताची शीर आत जाऊन बसती. मग तू शोधत बस." मग डोळे मिटून बोटांनी शीर चाचपायची, आणि सुई उचलायची ती सगळ्यात शेवटी.

आता मुख्य गोष्ट. त्या टोकाच्या खोलीवर कॉलेजच्या प्रशासनाची नजर होती. सरकारी योजनेच्या पेशंटांची कागदपत्रं तपासायला काउंटर हवा होता आणि ती खोली लिफ्टजवळ होती. डीन सर माणूस सरळ. म्हणाले, "या वर्गाचा उपयोग होतो हे दाखवून द्या, खोली राहील. नुसतं 'छान शिकवतात' म्हणू नका."

दाखवून द्यायचं काम मेडिसिनच्या डॉ. प्राजक्ता लगड यांनी अंगावर घेतलं. तरुण, हुशार, आणि स्वतःचा असा हा त्यांचा पहिलाच अभ्यास. आखणी सोपी होती. इंटर्नच्या तुकडीचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. पहिल्या गटाला सिस्टरनी दाजींवर शिकवायचं. दुसऱ्या गटाला पूर्वीपासून चालत आलं तसं, एक फिल्म आणि वॉर्डात एकदा करून दाखवणं. मग परीक्षा. ज्या पेशंटना एरवीही सलाईन लावायचंच आहे आणि ज्यांची हरकत नाही, त्यांनाच मुलांनी सुई लावायची. दोनदा जमलं नाही तर वॉर्डातल्या सिस्टर पुढे होणार. परीक्षा झाली की दुसऱ्या गटालाही साळवे सिस्टर शिकवणार, म्हणजे कुणाचं नुकसान नको. एथिक्स कमिटीची मंजुरी, संमतीपत्रं, वेळापत्रक, गटांच्या याद्या, हे सगळं माझ्याकडे. मी त्यात रमते.

सिस्टरना मी नीट समजावलं. "परीक्षेपर्यंत दुसऱ्या गटाला काही शिकवायचं नाही."

"न्हाई शिकवणार."

"नक्की?"

"मॅडम, माझी रविवारची प्रार्थना एक वेळ चुकंल, दिलेला शब्द न्हाई चुकायचा."

परीक्षेच्या सकाळी मी स्त्रियांच्या वॉर्डात उभी होते. दुसऱ्या गटातला पहिला मुलगा आला, केरळचा अखिल. फिल्मवाला गट. त्याने ट्रे बाजूला ठेवला, खाटेवरच्या बाईंचा हात हातात घेतला आणि अस्सल साळवे सिस्टरच्या सुरात म्हणाला, "मावशी, गाव कुठलं? पाऊसपानी कसं हाय तिकडं?"

बाई खुलल्या. अखिलने डोळे मिटले. सुई पहिल्या फटक्यात आत.

त्याच्यामागून दिल्लीची मुलगी आली. "मावशी, गाव कुठलं?" तिसरा आला, तोही गावाचीच चौकशी करत. फिल्म मी स्वतः पाहिली होती. तिच्यात पाऊसपाण्याचा ब्र नव्हता.

निकाल व्हायचा तोच झाला. दोन्ही गट सारखे, दोन्ही उत्तम. डॉ. प्राजक्ता माझ्या टेबलापाशी येऊन खुर्चीत बसल्या. "मॅडम, काहीच फरक नाही. वर्गाचा उपयोग शून्य. गुरुवारच्या मीटिंगमध्ये डीन सरांना काय सांगू?" मी म्हटलं, "गुरुवारपर्यंत थांबा," आणि कँटीनमध्ये गेले. सिस्टर चहात पाव बुडवत होत्या.

"सिस्टर, दुसऱ्या गटाला कुणी शिकवलं?"

"मी न्हाई शिकवलं."

"अखिल पाऊसपाणी विचारत होता."

"मग त्यात काय? चांगलं वळण हाय पोराला."

"सिस्टर."

त्यांनी पाव बशीत ठेवला. "आता त्यांनी इचारलं, तर मी सांगितलं. त्याला काय शिकवणं म्हणत्यात व्हय? खोलीत पाय न्हाई ठिवू दिला मी एकालाबी. दाजींना बाहेर नेलं न्हाई. जिन्यात उभं राहून सांगितलं."

"सगळ्यांना?"

"जिना मोठा हाय."

हसू आवरणं मला अवघड गेलं. त्या पुढे आपणहून बोलल्या. अखिलला परीक्षेच्या आधी वॉर्डात एका आजींना सलाईन लावताना त्यांनी पाहिलं होतं. सुई आत जाऊन चुकत होती आणि आजी पदर तोंडात धरून बसल्या होत्या. "तवा मी शब्द संबाळू का आजीचा हात? तुमीच सांगा." त्याला सांगितलं म्हणून दुसरीने विचारलं, तिला सांगितलं म्हणून तिसऱ्याने.

मग मी त्यांना गणित सांगितलं. दोन्ही गट सारखे निघाले, म्हणजे कागदावर अर्थ असा, की तुमच्या वर्गाने काही फरक पडत नाही. खोली जाणार. आणि प्राजक्ता मॅडमचा अभ्यास जाणार तो वेगळाच.

सिस्टरनी बशी बाजूला सारली. "म्हंजी मी चांगलं शिकवलं म्हणून माझा वर्ग बंद?"

"हो."

"लई अवघड हाय बाई तुमचं संशोधन."

गुरुवारची वाट न बघता त्या तिथूनच डॉ. प्राजक्तांकडे गेल्या. मी मागोमाग. प्राजक्तांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा आवाज चढला. "सिस्टर, माझी इतक्या महिन्यांची मेहनत घालवलीत तुम्ही! विचारायचं तरी होतं मला!"

"व्हय."

"आणि स्वतःची खोली पण घालवलीत!"

"ते मला या मॅडमनी आत्ता सांगितलं."

प्राजक्ता खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सिस्टर जागच्या हलल्या नाहीत. "रागवा तुमी. मला बोला. पण जे झालं तेच लिवा. माझं नाव घातलं तरी चालंल."

मीटिंगमध्ये सिस्टरनी उभं राहून पुन्हा सगळं सांगितलं, जिन्यासकट. डीन सरांनी चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही चांगलं शिकवता याचा पुरावा नाही, कारण तुम्ही जरुरीपेक्षा जास्त जणांना शिकवलं?" टेबलाभोवती सगळे हसले. सिस्टर हसल्या नाहीत. सर म्हणाले, पुढच्या तुकडीवर एकदाच पुन्हा करा. या वेळी घोटाळा झाला तर खोलीत काउंटर.

दुसऱ्या वेळची अट सिस्टरनीच घातली. "पहिल्या गटाला शिकवून झालं की मला हितं ठिवू नका. मी दिसले की पोरं इचारणार, आन पोरांनी इचारलं की मी सांगणार. मला माझा भरवसा न्हाई." पहिल्या गटाचा वर्ग संपवून त्या रजेवर कोपरगावला लेकीकडे गेल्या. जावयाचा ऊस होता, घरात नातवंडं होती. मला वाटलं, चला, छान विश्रांती होईल.

चौथ्या दिवशी फोन. आवाज बसलेला.

"मॅडम, आज मी पाप केलं."

"काय केलंत?"

"दुसऱ्या गटातली ती श्रेया, तिनं कुठनं तरी नंबर मिळवला. रडत हुती पोरगी. सिस्टर, माझ्या हातून शीर फुटली म्हणे, पेशंट ओरडला, आता मला सुई धरवत न्हाई." फोनवर नाक ओढल्याचा आवाज. "मी म्हणाले, राँग नंबर हाय."

"मग?"

"ती म्हणती, सिस्टर, तुमचाच आवाज हाय. मी पुन्यांदा म्हणाले राँग नंबर, आन ठिवला. वॉर्डातनं हाक आली आन मी गेले न्हाई असं कदी झालं न्हाई, मॅडम. तुमच्या लगड मॅडमला सांगा, ह्यो अभ्यास लई महाग हाय."

मी तो निरोप जसाच्या तसा पोचवला. प्राजक्तांनी त्याच संध्याकाळी श्रेयाच्या सोबतीला वॉर्डातल्या एक सिस्टर दिल्या, नियमात बसेल तेवढ्यापुरत्या. परीक्षेपर्यंत प्राजक्ता स्वतःही रोज वॉर्डात थांबू लागल्या.

या वेळी फरक दिसला. ठसठशीत. पहिल्या गटाने बहुतेक ठिकाणी एकाच प्रयत्नात काम केलं, दुसऱ्या गटाला जड गेलं. डीन सरांनी कागद चाळले आणि म्हणाले, "काउंटरला दुसरी जागा बघा." प्राजक्ता माझ्या टेबलावर हात आपटत नाचायच्याच बाकी होत्या. मी लगेच कोपरगावला फोन लावला.

"सिस्टर, खोली राहिली! तुमच्या वर्गाने फरक पडतो, सिद्ध झालं!"

 

"दुसऱ्या गटात किती पेशंटना दोनदा टोचावं लागलं?" त्यांनी विचारलं.

मी आकडा सांगितला. तोच आकडा बघून आम्ही खूश झालो होतो, हे मला तो तोंडाने उच्चारताना कळलं.

"परीक्षा संपली ना?"

"संपली."

"मग उद्या पहिल्या गाडीनं येते. त्या पोरांना नऊ वाजता बोलवून ठिवा. सगळ्यांना."

मी सकाळी येताना नगरहून पेढे घेतले होते. सिस्टर कोपरगावची धूळ अंगावर घेऊन थेट खोलीत शिरल्या. मी पुडा पुढे केला. "मग बघू," म्हणाल्या, आणि दुसऱ्या गटाकडे वळल्या. "बाह्या वर करा. श्रेया, तू पुढं ये. राँग नंबर लावतीस व्हय गं मला?" श्रेया रडत रडत हसली. दुपारपर्यंत कुणी पेढ्यांना हात लावला नाही.

वर्ग संपल्यावर सिस्टर म्हणाल्या, "ज्यांना दोनदा टोचलं त्यातलं कुणी हाय का अजून वॉर्डात?" यादी माझ्याकडे होतीच. बाकीचे घरी गेले होते, पाथर्डीकडच्या एक बाई तेवढ्या होत्या. सिस्टर खाटेवर त्यांच्या शेजारी बसल्या. बाईंच्या हातावर काळानिळा डाग होता. सिस्टरनी तो हात मांडीवर घेतला आणि अंगठा डागाच्या कडेकडेने फिरवत राहिल्या.

"दुखतंय का?"

"आता न्हाई. तवा लई दुखलं." बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी कोन?"

"मी पोरांना सुई लावायला शिकवते."

"ज्या पोरीनं मला टोचलं, तिला?"

"तिला आज शिकवलं."

"आज?" बाईंनी हात काढून घेतला नाही, पण बोलल्या खड्या आवाजात, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. "मग जरा आदी शिकवायचं की हो, सिस्टर."