दुसऱ्या मजल्यावरची अरसी

तिचं पूर्ण नाव मंगैयर्करसी. बायकांची राणी, असा त्याचा अर्थ. एवढं लांबलचक नाव दुकानाच्या बिल्ल्यावर मावेना, म्हणून मॅनेजर सबापतींनी त्याचं नुसतं 'अरसी' करून टाकलं. बायका गेल्या, राणी तेवढी उरली.

मदुराईत देवळाच्या दक्षिणेला साड्यांच्या दुकानांची रांग आहे, त्यातल्या एका चार मजली दुकानात ती दुसऱ्या मजल्यावर रेशमी साड्या विकायची. तिथल्या मुली म्हणायच्या, अरसीच्या तोंडात साखर नाही, साखरेचा कारखाना आहे. एकदा एक म्हातारे मास्तर स्वतःसाठी वेष्टी, म्हणजे धोतर, घ्यायला आले आणि वाट चुकून दुसऱ्या मजल्यावर चढले. अरसीने त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सहज विचारलं, "घरी आजी बऱ्या आहेत ना?" मास्तर म्हणाले, "बरी आहे, पण आठ दिवस माझ्याशी बोलत नाही." अर्ध्या तासाने मास्तर जांभळ्या काठाची साडी बगलेत मारून उतरले. पुढच्या आठवड्यात आजीच आल्या, आणि सुनेसाठी आणखी एक घेऊन गेल्या. वेष्टी राहिलीच.

अशी ती अरसी लग्नानंतर तीन वर्षांनी गरोदर राहिली. नवरा इळंगो बस स्टँडाजवळ चहा-कॉफीची टपरी चालवायचा. त्याने त्या दिवशी ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना फुकट कॉफी पाजली आणि संध्याकाळी आईच्या शिव्या खाल्ल्या. आई म्हणजे दैवानै. देवळाच्या दारात ती मोगऱ्याचे गजरे विकायची. सुनेने 'अत्तै' म्हणून हाक मारली की "काय गं, काय लागतंय?" हे तिचं ठरलेलं उत्तर, आणि ते असं खेकसून, की नवख्या माणसाला वाटावं आता मारतेच. पण त्या दिवसापासून तिने सुनेचा डबा स्वतः भरायला घेतला.

पाचवा महिना सरता सरता अरसीचं पोट पदराआड लपेना. पुढ्यात आडी महिना, म्हणजे दुकानांच्या मोठ्या सवलतींचा काळ. गिऱ्हाइकांची ही झुंबड उडते. दिवसभर उभं राहून अरसीचे पाय संध्याकाळी भोपळ्यासारखे सुजायचे. एकदा ती साड्यांच्या गठ्ठ्यावर जराशी टेकली, तेवढ्यात सबापती जिना चढून आले.

"अरसी, तू आता घरीच राहा बघ," ते म्हणाले. आवाज मऊ होता. "बाळंत हो, मूल जरा मोठं होऊ दे. वर्षभराने ये, तेव्हा बघू. गर्दीत कुणाचा धक्काबिक्का लागला तर आमच्या डोक्याला ताप."

"अण्णा, मी रजा मागितलेली नाही."

"रजा कुठली, मी सोडूनच जा म्हणतोय. उद्यापासून येऊ नको. बिल्ला देऊन जा."

दहा-बारा मुली काउंटरमागे उभ्या होत्या. कुणी घडी घालत होती, कुणी उगाच मोडत होती. अरसीने बिल्ला काढून दिला आणि समोरच्या गिऱ्हाइकाची अर्धी उलगडलेली साडी नीट घडी करून ठेवली, मग खाली उतरली.

घरी आल्यावर इळंगो म्हणाला, "जाऊ दे ना. मी आहे की. तू आराम कर."

"आराम करायला मी थकलेय कुठे?" अरसी म्हणाली आणि मग मात्र तिला रडू फुटलं. पैशांची ओढाताण होणार होतीच, पण तिला सलत होतं ते वेगळंच. त्या दुसऱ्या मजल्यावर ती कुणीतरी होती. लोक तिचं नाव विचारत यायचे. त्याच जागी तिला जुन्या खोक्यासारखं बाजूला सारलं होतं.

दैवानै गजरे ओवत ऐकत होती. ती म्हणाली, "मी गिरणीत होते तेव्हा ह्या इळंगोच्या वेळी मलाही असंच घालवलं. मला वाटलं, तसंच असतं. तू विचार तरी कुणाला. फुकट विचारायला काय जातंय?"

महिन्याची तपासणी तशीही होतीच. कामगार विम्याच्या दवाखान्यात सगायमेरी नावाची जुनी नर्स होती. बाया तिला सिस्टर म्हणत आणि तिच्या बोलण्याला टरकून असत. अरसीने भीत भीत विचारलं, "सिस्टर, माझं काम सुटलंय. मी इथे अजून येऊ शकते का?"

"सुटलंय की सोडवलंय?"

अरसीने सगळं सांगितलं. सिस्टरने रक्तदाबाचा पट्टा सोडला.

"कशावर सही केलीस का?"

"नाही."

"देवाने बुद्धी दिली. आता करूही नको. ऐक नीट. दर महिन्याला तुझ्या पगारातून विम्याचे पैसे कापले जातात, मालकही त्यात भर घालतो. ते कशासाठी? बाळंतपणात सव्वीस आठवडे पगारी रजा मिळते तुला, आणि तो पगार विमा कार्यालय देतं, दुकानाच्या गल्ल्यातून एक रुपया जात नाही. बाळंतपण आलं म्हणून बाईला घालवून दिलं तरी तो हक्क बुडत नाही, आणि असं घालवणं कायद्यात बसतही नाही. कामगार कार्यालयात जा, तक्रार दे."

"दुकानाच्या गल्ल्यातून काहीच जात नाही?" अरसीने पुन्हा विचारलं.

"काहीच नाही."

"मग अण्णांनी मला काढलं कशाला?"

"ते त्यालाच विचार," सिस्टर म्हणाली. "चल, वजन कर. वाढलंय. सासू बरी दिसतेय तुझी."

कामगार कार्यालयात जायला इळंगोचे पाय जड झाले होते. त्याला वाटत होतं, उद्या सगळ्या पेठेत आपला बोभाटा होईल. शेवटी दैवानैच सुनेला घेऊन निघाली. कपाळाला ताजी विभूती, हातात मोगऱ्याची टोपली. "टोपली कशाला, अत्तै?" "वाटेत खपतील. रिकामी बसू काय तिथे?" तक्रार लिहून होईतो तिने कार्यालयातल्या तीन कारकून बायकांना गजरे विकले.

अधिकारी होते नेडुंचेळियन नावाचे. मितभाषी, चेहऱ्यावरची माशीही हलणार नाही असे. त्यांनी दुकानाला बोलावणं धाडलं. ठरल्या दिवशी सबापती आले, बरोबर कडक इस्त्रीतला वकील. अरसी आणि दैवानै समोर बसल्या. अरसीने मनाशी म्हटलं, समोर गिऱ्हाईकच बसलंय असं समजू. आणि तिने घडलं ते घडलं तसं, घाई न करता, साडी उलगडून दाखवावी तसं एकेक सांगितलं.

वकील उठला. "साहेब, दुकानाने हिला काढलेलंच नाही. बाई आपल्या मनाने घरी बसल्या. आमच्याकडे काढल्याचा एक कागद नाही."

सबापतींनी मान हलवली. "मुलीसारखी आहे ती आम्हाला. आम्ही कशाला काढू?"

दुसऱ्या मजल्यावरच्या मुली साक्षीला येणार नाहीत हे अरसीला ठाऊक होतं. त्यांनाही पोट होतंच. दैवानैचा हात टोपली उचलून हाणायला गेला, तो अरसीने धरून ठेवला.

नेडुंचेळियन यांनी चष्मा पुसला. "म्हणजे तुम्ही यांना काढलं नाही."

"नाही, साहेब."

"यांनी राजीनामा दिला?"

"तसा नाही दिला."

"मग यांची नोकरी शाबूत आहे. तुम्हीच सांगताय. तर वाद कसला राहिला?" ते अरसीकडे वळले. "बाई, उद्या कामावर जायला तयार आहात?"

"आज दुपारीही जाईन," अरसी म्हणाली.

"उद्या जा. मधल्या दिवसांचा पगारही दुकान देईल, कारण नोकरी सुटलीच नव्हती. आणि बसायला स्टूल द्यायचं, मॅनेजर. दुकानातल्या सगळ्यांनाच. तो नियम येऊन वर्षं झाली. मी येऊन बघेन."

वकिलाने सबापतींकडे पाहिलं, सबापतींनी पंख्याकडे. बाहेर पडताना ते अरसीला हळूच म्हणाले, "रजेचा पगार विमावाले देतात, हे आधी सांगायचं नाहीस का? मालक मला म्हणाले, सहा महिने फुकट पोसायला लागेल, वाट दाखव तिला."

"मलाच कुठे माहीत होतं, अण्णा?" अरसी म्हणाली. "तुमचेही पैसे कापतात ना? तुम्हीही वाचून घ्या एकदा."

दैवानैने त्यांच्या हातात एक गजरा ठेवला. "बायकोला न्या. वीस रुपये."

त्यांनी निमूट दिले.

दुसऱ्या दिवशी अरसी जिना चढली तेव्हा मुलींनी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत, सबापती मागेच होते. पण वरच्या पायरीपासून काउंटरपर्यंत प्रत्येकीचा हात तिला कुठे ना कुठे लागला; कुणी खांद्याला, कुणी वेणीला. काउंटरमागे स्टुलं आली होती, लाल प्लास्टिकची. आधी कुणी त्यावर बसेना. अरसी पाय पसरून ऐसपैस बसली, तेव्हा बाकीच्या टेकल्या. आणि गंमत अशी, की बसलेल्या बाईसमोर गिऱ्हाईकही बसतं, आणि बसलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने उठत नाही. आडीत दुसऱ्या मजल्याचा गल्ला कधी नव्हे तो तिसऱ्याच्या वर गेला.

सातव्या महिन्यात बांगड्या भरायचा सोहळा आला. दैवानैने सगळ्या मजल्याला आवतण दिलं. मुलींनी जेवणाच्या सुट्टीला जोडून तासभर मागून घेतला आणि घोळक्याने घरी आल्या. लिंबाचा भात, चिंचेचा भात, खोबऱ्याचा, दह्याचा, भाताची नुसती जत्रा होती. अरसीच्या हातांत कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या चढल्या. गालाला चंदन लावता लावता तेनमोळी नावाची कोवळी मुलगी तिच्या कानाला लागली. "अक्का, मलाही दिवस गेलेत. कुणाला सांगितलं नाही अजून. मलाही देतील रजा?"

"देतील म्हणजे काय, तुझीच आहे ती. कशावर सही करू नको. आणि उद्या माझ्याबरोबर सिस्टरकडे चल. ओरडेल जरा, घाबरू नको."

अरसीला मुलगी झाली, कार्तिकात, पहाटे. विम्याचा पगार तिच्या खात्यात येत राहिला. रजा संपली तशी ती कामावर आली, आणि मुलीला पाजायची वेळ झाली की दैवानै नातीला कडेवर आणि टोपली डोक्यावर घेऊन दुकानात शिरायची. पाजायला दोनदा सुट्टी द्यावी लागते, हेही आता सबापतींना पाठ झालं होतं. अरसी वर पाजत असायची तोवर दैवानै खाली दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना गजरे विकायची. सबापतींनी एकदा हटकून पाहिलं.

"आजी, हे दुकानाचं दार आहे."

"मग?" दैवानै म्हणाली. "नवी साडी घेऊन बाई रिकाम्या वेणीने घरी जाणार होय? तुमच्याच दुकानाची शोभा वाढवतेय मी. सरका जरा, गिऱ्हाईक येतंय."