माझ्या बोटांना कळत नाही

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनी आमच्या शाळेत येऊन बायकांना स्तनांची तपासणी कशी करायची ते शिकवलं, त्याला आता दोन वर्षं होत आली. मी त्याच शाळेत शिक्षिका, म्हणून बायका गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. तोंडवलीतल्या आणि शेजारच्या वाड्यांतल्या घराघरांत मी सांगत फिरले. तीसेक बायका आल्या. माझी मोठी जाऊ मात्र आली नाही. तिला मी वहिनी म्हणते. आम्ही दोघी एकाच घरात राहतो. घरामागे पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत, आणि त्यांचं जेवण वहिनीच्या हातचं असतं.

"माका बांगडे साफ करूचे आसत. तूच जा आणि शिकान ये," ती म्हणाली. मीही आग्रह केला नाही.

वर्गातली बाकं भिंतीकडे सरकवून सिस्टरांनी टेबलावर रबराचा एक मऊ नमुना ठेवला. मधल्या तीन बोटांचा सपाट भाग टेकवायचा, हलकं दाबत गोल फिरवायचं, काखेपर्यंत जायचं. महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर. नमुन्यात गाठी लपवलेल्या होत्या. मला त्या झटकन सापडल्या. "बाई शिकल्या!" असं म्हणून सिस्टर हसल्या, बायकाही हसल्या. मला उगाच अभिमान वाटला.

त्याच आठवड्यात न्हाणीघराचं दार लावून मी स्वतःला तपासलं. नमुन्यासारखं काहीच नव्हतं. नमुना सगळीकडे मऊ होता, आणि गाठ म्हणजे गाठ. माझ्या अंगात मात्र जिथे बोट ठेवावं तिथे काहीतरी होतं. उकड्या तांदळाच्या पेजेत हात घालावा तसं, कुठे शितं, कुठे गुठळी, कुठे नुसतंच सरकणारं. यातलं कुठलं माझं आणि कुठलं नको असलेलं? डावीकडे काखेच्या बाजूला काहीतरी जास्त घट्ट वाटलं. उजवीकडे पाहिलं, तर तिथेही तसंच वाटलं. पुन्हा डावीकडे आले तर ते सापडेना.

महिन्यातून एकदा सांगितलं होतं, मी रोज बघू लागले. मग सकाळ-संध्याकाळ. दाबून दाबून डावी बाजू ठणकायला लागली, आणि ठणकते म्हणून भीती आणखी वाढली. वर्गात पाढे म्हणून घेताना माझा हात पदराखाली जायचा आणि मी दचकून तो मागे घ्यायची. सिस्टरांना फोन करावा असं वाटे. पण झटकन गाठी शोधणारी बाई आता काय विचारणार?

"काय गो, रोज इतको वेळ न्हाणीत काय करतंस?" वहिनीने एकदा बाहेरून हाक मारली. मी पाण्याचा तांब्या जोरात ओतला.

शेवटी एका रविवारी दुपारी मी नवऱ्याला सांगितलं. तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. किनाऱ्यावर उभं राहून, नुसत्या आवाजावरून कुठल्या होडीत काय बिघडलंय ते सांगतो. मला वाटलं, त्याच्या हाताला तरी कळेल.

"माका काय कळता त्यातला?" तो घाबरला.

"माका तरी खंय कळता? बघ तू."

त्याने हात साबणाने दोनदा धुतले. मग खाटेच्या कडेला बसून, परक्याच्या अंगाला हात लावावा तसा त्याने हात लावला. लग्नाला अठरा वर्षं झाली होती.

"हयसर?"

"थोडा खाली. जोरात दाब."

"ह्या हाड आसा गो."

"मगे त्याच्या बाजूक."

तो बराच वेळ दाबत राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "दोन्ही बाजूक सारख्याच लागता," तो म्हणाला, आणि माझ्या तोंडाकडे बघून त्याने हात काढून घेतला. "माका नाय समजत. ओरोसाक जावया."

ओरोसच्या रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सोनोग्राफी करायला लावली. त्या माझ्यापेक्षा लहान असतील. रिपोर्ट बघून म्हणाल्या, "गाठ नाही. काही बायकांचे स्तन असेच गाठाळ लागतात. काळजी करू नका."

"मग खरी गाठ झाली तर ती मला कशी कळणार?"

"आता जसं लागतंय ते लक्षात ठेवा. त्यात बदल वाटला, कातडी ओढल्यासारखी दिसली, बोंडातून पाणी आलं, तर लगेच या. आणि नुसती शंका आली तरी या."

त्या नीट बोलल्या. पण तेच तर मला जमत नव्हतं. परतीच्या एसटीत मी डोळे मिटून 'आता जसं लागतंय ते' आठवायचा प्रयत्न केला. काही आठवेना. सुटले म्हणून आनंद व्हायला हवा होता, आणि मला नुसतं रडू येत होतं.

घरी आले तेव्हा वहिनी नारळ खवत होती. नवऱ्याने तिला फोनवर सांगून ठेवलं असावं.

"काय म्हणाली डॉक्टरीण?"

"काय नाय आसा म्हणाली."

"बरा झाला." ती खवत राहिली. थोड्या वेळाने मान खाली घालूनच तिने विचारलं, "कसा बघतत गो ता?"

मी ब्लाउजवरूनच तीन बोटं फिरवून दाखवली. तिने हात धुतले, स्वयंपाकघराचं दार आतून लावलं आणि माझ्यासमोर उभी राहून ब्लाउजची बटणं काढली.

"ह्या बघ. सगळ्यांका असाच असता मां?"

मला शोधावं लागलं नाही. बोटं टेकताच लागलं. कडक, जागचं न हलणारं, आणि वरची कातडी आत दोरा भरून खेचल्यासारखी चुणलेली. इतके दिवस मी स्वतःच्या अंगात जे धुंडाळत होते ते दोन हातांवर, याच घरात, आमच्यासाठी ओल्या खोबऱ्याचं वाटप वाटत होतं.

"असाच असता मां गो?"

मला खोटं बोलता आलं नाही आणि खरंही. "उद्या ओरोसाक जावया," एवढंच म्हणाले.

तिने बटणं लावली. "गेल्या गणपतीपासून आसा. दुखणा नाय म्हणान गप रवलंय." मग तिने पुन्हा नारळ हातात घेतला. खोल्यांवर सहा माणसं जेवायची होती.

पुढचं सगळं भराभर झालं आणि तरीही उशिराच झालं. सुईने तुकडा काढून तपासला. काखेतही पसरलं होतं. गोव्याच्या मोठ्या इस्पितळात तिच्या डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं, नंतर औषधाच्या बाटल्या चढवायला आम्ही खेपा घातल्या. मी रजा घेऊन जायची. फाईल सांभाळायची, नंबर आला की उठायचं, तिला ओकारी आली की पाठीवर हात ठेवायचा. याहून जास्त मला काहीच करता येत नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बाकावर बसलेले माझे थोरले दीर अचानक म्हणाले, "तुका शिकयला होता मां? एका घरात रवतंस, एका ताटात जेवतंस. तुका एकदा तिका विचारूक काय झाला?"

नवरा त्यांना गप्प करायला उठला. मी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. तीस बायका गोळा करायला मी वाडी वाडी फिरले होते. ज्या स्वयंपाकघरातून निघाले तिथे मात्र बांगड्यांचं कारण मी लगेच मानलं. थोड्या वेळाने दीर चहा घेऊन आले. कप माझ्या हातात दिला. ते भिंतीकडे तोंड करून रडले.

वहिनीने मला कधीच बोल लावला नाही. तिने लावला असता तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटतं.

आता तिचे केस बोटभर वाढलेत. डावा हात सुजतो, म्हणून जेवण करायला एक बाई ठेवली आहे, आणि वहिनी खुर्चीवर बसून तिच्या चुका काढते. दर तीन महिन्यांनी गोव्याला दाखवायला जावं लागतं. पण मधल्या काळात तिला धीर निघत नाही. महिन्यातून एखाद्या दुपारी ती मला खोलीत बोलावते आणि उजव्या बाजूचा पदर बाजूला करते.

"बघ गो, ह्या बाजूक काय आसा काय? तुझ्या हाताक कळता."

त्या दिवशी कळलं होतं, कारण तेव्हा आंधळ्यालाही कळलं असतं. हे मी तिला सांगितलेलं नाही. मी तीन बोटं टेकवते, गोल फिरवते, काखेपर्यंत जाते. पुन्हा तीच शितं, त्याच गुठळ्या. एखाद्या ठिकाणी बोट अडकतं. मी पुन्हा फिरवते, तर तिथे काही नसतं, किंवा असतं. ती छताकडे बघत श्वास धरून पडलेली असते.

"गोव्याक तारीख कधीची आसा?" मी विचारते.

"पुढच्या महिन्यात."

"ह्याच आठवड्यात जावया. मी रजा टाकतंय."

"कित्याक? काय लागला?"

"काय नाय लागूक," मी म्हणते. तिचा माझ्या बोटांवर विश्वास आहे. ती उठून बसते, पदर नीट करते आणि त्या बाईने तिखट किती घातलंय ते बघायला स्वयंपाकघरात जाते. मी तिथेच बसून राहते.