कानवालीचे चौदा हेडफोन

कानवाले,

तुझ्यावर लिहायचं मी ठरवलं आहे. तुला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर "माझ्यावर काय लिहायचंय, ताई" असं म्हणून तू ओट्यावर फडकं मारायला लागली असतीस, आणि माझा अर्धा दिवस तुझी समजूत घालण्यात गेला असता. तेव्हा आता मुकाट्यानं वाच. तुला माहीत असलेल्या पुष्कळ गोष्टी यात येतील. त्या तुझ्यासाठी नाहीत, बाकीच्यांसाठी आहेत.

आधी माझं पाप सांगून मोकळी होते. तुमच्या घरातल्या आवाजाबद्दलचा तक्रारअर्ज मी लिहिला होता. सह्या पाचजणांच्या, पण मजकूर माझा. मी बरोब्बर तुमच्या डोक्यावर राहते. सकाळी आठला तुमचा टीव्ही सुरू झाला की माझ्या कपाटातल्या बश्या वाजायच्या. भावोजींनी, म्हणजे तुझ्या नवऱ्यानं, चाळीस वर्षं छापखान्यात मशीन चालवलं, त्या खडखडाटात त्यांचे कान गेले, हे मला माहीत होतं. माहीत असल्यानं बश्या वाजायच्या थांबत नाहीत. कानात घालायचं यंत्र तुम्ही त्यांना आणून दिलं होतं. ते शिट्टी मारतं म्हणून त्यांनी ते चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि टीव्ही आणखी मोठा केला. मग मी चार परिच्छेद लिहिले. "संबंधितांची अन्यत्र सोय करण्याबाबत कुटुंबीयांनी विचार करावा" हे त्यातलं शेवटचं वाक्य. तेव्हा मला ते फार सभ्य वाटलं होतं.

इमारतीच्या सचिवांनी अर्जाची प्रत तुझ्या मुलाला पाठवली, आणि त्यानं नेमकं तेच वाक्य उचललं. शहराबाहेरचा एक वृद्धाश्रम तो बघूनही आला. बाबांना तिथे ठेवायचं, आई इथे राहील, असा त्याचा बेत.

तू मला जिन्यात गाठलंस. भांडशील असं वाटलं होतं, मीही तयारीत होते.

"ताई, आवाज बंद झाला तर तुमची तक्रार संपेल?"

"संपेल."

"तसं लिहून द्याल?"

"आधी बंद तर होऊ दे."

"महिनाभर थांबा मग," एवढं बोलून तू खाली गेलीस. विनवणी नाही, डोळ्याला पदर नाही. मला जरा रागच आला.

आता तू कानवाली कशी झालीस ते सांगायला हवं. तू ज्या सभागृहात नोकरीला होतीस तिथे देशोदेशीच्या लोकांच्या परिषदा भरायच्या. बोलणारा एका भाषेत बोलणार, मागच्या काचेच्या खोलीत दुभाष्या तेच दुसऱ्या भाषेत सांगणार, आणि ऐकणाऱ्यांच्या कानांवर बिनतारी हेडफोन. ते दारात वाटायचे, परत घ्यायचे, पुसायचे, चार्जिंगला लावायचे, हे तुझं काम, आणि त्यावरूनच तुझं नाव कानवाली पडलं. एकतीस वर्षं. परिषद चालू झाली की तू भिंतीला टेकून लोकांच्या माना बघायचीस. कुणाची मान कलली, कुणाचा हात कानाकडे गेला, की दुसरा हेडफोन घेऊन तू हजर. मग तो पाहुणा पहिल्या रांगेतला असो की शेवटच्या. ऐकू आलं नाही, असं तुझ्या हॉलमध्ये कुणी म्हटलेलं तुला खपायचं नाही.

तू निवृत्त झालीस त्याच सुमारास तिथे नवी यंत्रणा बसली आणि जुनी भंगारात निघाली. ती जिन्यातली भेट झाली आणि दुसऱ्या दिवशी तू सभागृहात अर्ज घेऊन गेलीस. भांडारवाला म्हणाला, "बाई, याचं काय लोणचं घालणार का?"

"घालीन. तुम्ही सही करा."

त्यानं केली. चौदा हेडफोन, आवाज सोडणारी ती काळी पेटी आणि टेबलावरचा एक माइक, सगळं एका खोक्यात घालून तू ते छातीशी धरून आणलंस. मी वरून बघत होते. म्हटलं, बाईचं डोकं फिरलं.

चौदांपैकी एकही चालत नव्हता. आठवडाभरानं मला राहवेना, म्हणून साखर मागायचं निमित्त करून खाली आले. तुझं जेवणाचं टेबल म्हणजे नुसतं दवाखान्याचं टेबल झालं होतं. बॅटऱ्या फुगून सुजलेल्या, त्यांच्या कप्प्यांत हिरवट बुरा साठलेला. तू जुन्या दातांच्या ब्रशानं तो खरवडत होतीस. कानांवरच्या स्पंजाचा भुगा झाला होता, त्याऐवजी तू भावोजींच्या जुन्या बनियनच्या टोप्या शिवल्या होत्यास. त्यांचा डावा कान उजव्यापेक्षा बरा, म्हणून दोन्हीकडचा आवाज डावीकडेच येईल अशी तार त्यांच्या हेडफोनमध्ये जोडली होतीस. काच तडकलेला जुना मोबाइल घरच्या वायफायवर लावून त्याची वायर पेटीत घातली होती. आता त्यावर जगभरातलं कुठलंही रेडिओ स्टेशन लावायचं, की पेटी ते घरभर सोडणार, आणि ज्याच्या कानावर हेडफोन त्यालाच ते ऐकू येणार. टीव्हीचीही एक वायर त्याच पेटीत.

"हे सगळं शिकलीस कुठे?"

"शिकते कुठली. हॉलमधला दुरुस्तीवाला काम करायचा आणि मी मागे उभी राहायचे. तो म्हणायचा, बाई, निदान माझ्या मानेवर श्वास तरी सोडू नका."

दोन दिवस त्यातून नुसती घरघर येत होती. तिसऱ्या दिवशी तू मोबाइलचा चार्जर दुसऱ्या भिंतीच्या प्लगमध्ये घातलास आणि घरघर गेली. असं का, ते तुलाही सांगता आलं नाही. मला आलं असतं, मी शास्त्र शिकले आहे, पण मला कुणी विचारलं नाही.

भावोजींना तू हेडफोन चढवलास तेव्हा मी तिथेच होते. ते आधी चिडले, हे काय माकडासारखं म्हणाले. मग त्यांनी हात वर नेला, बाजूचं चाक चाचपलं आणि आवाज कमी केला.

"मोठा आहे," म्हणाले.

तू स्वयंपाकघरात निघून गेलीस. मी काही तुझ्या मागे आले नाही, मला तसलं जमत नाही. दुसऱ्या दिवशी सचिवांकडे जाऊन तक्रार मागे घेतली. दोन ओळींत.

त्यानंतर तुला चेवच चढला. एकेक करून बाकीचे तेराही जिवंत केलेस. पेटीचा आवाज भिंतींतून, छतांतून जातो, म्हणून एक मला दिलास: "दुपारी गाणी चांगली लागतात, ऐका." सचिव एक "तपासणीसाठी" घेऊन गेले. त्यांची तपासणी अजून चालू आहे. आणि जेवणाच्या टेबलावर तू तो हॉलमधला माइक उभा केलास. भावोजी जेवताना हेडफोन घालत आणि तुम्ही काय बोलता ते त्यांच्या कानात जाई. बटण दाबलं की रेडिओ आपोआप खाली बसायचा आणि टेबलावरची माणसं ऐकू यायची.

घर चिडीचूप झालं. तुझ्या मुलाचा बेत मात्र तसाच होता. दोष त्याला एकट्याला देत नाही. नोकरी, लांबचं घर, दर दोन दिवसांनी सचिवांचा फोन; माणूस मेटाकुटीला येतो. पण एकदा ठरवलं ते ठरवलं, हे त्यानं तुझ्याकडूनच घेतलंय.

त्या रविवारी दुपारी मी वर शेंगा सोलत गाणी ऐकत होते. एकाएकी गाणं खाली बसलं आणि कानात तुझा मुलगा बोलला, "हां, लाल झालं. झालं बंद."

कारण तुझ्या त्या माइकला गळ्याशी एक कडं आहे, आणि बटण दाबलं की ते लाल होतं. साध्या माणसाला लाल म्हणजे बंद. हॉलच्या माणसाला लाल म्हणजे माइक चालू, आता तोंड सांभाळा. त्यानं गॅलरीत हेडफोन लावून बसलेल्या बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून स्वतःच्या हातानं बटण दाबलं, लाल बघितलं आणि निर्धास्त झाला. तू चहाचा ट्रे घेऊन आलीस, तेही तू बघितलंस. एकतीस वर्षं ते कडं बघितलेली बाई तू. ट्रे ठेवलास आणि समोर बसलीस.

"फॉर्म भरलाय," तो म्हणाला. "वय ब्याऐंशी. श्रवणदोष. फक्त त्यांची सही हवी. तळमजल्यावरची खोली मिळतेय, नंतर तीही मिळायची नाही."

"आवाज बंद झाला की रे."

"हे खेळणं किती दिवस चालेल, आई? उद्या तू आजारी पडलीस तर याच्या बॅटऱ्या कोण बदलणार? बाबांना काय, त्यांना कुठेही बसवलं तरी सारखंच."

मी शेंगा तशाच टाकून निघाले. जिन्यात सचिव भेटले, हेडफोन कानावरच. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी काही ऐकलं नाही."

"मग कानावरचं काढा," म्हटलं आणि खाली आले.

दार उघडंच होतं. भावोजी गॅलरीतून आत येऊन टेबलाशी उभे होते, हेडफोन डोक्यावर. तुझ्या मुलाच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"एक्याऐंशी," भावोजी म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज, सगळ्या मजल्यांना पोचणारा. "ब्याऐंशी नाही. छापायला टाकण्याआधी प्रूफ वाचावं."

"बाबा, मी तुमच्या भल्यासाठी..."

"थांब." त्यांनी हेडफोन काढला, न बघता अंगठ्यानं कप्पा उघडला, दोन्ही बॅटऱ्या तळहातावर पाडल्या, सदऱ्याच्या खिशातून दुसऱ्या काढून बसवल्या, झाकण दाबलं आणि पुन्हा कानावर चढवला. चाळीस वर्षं यंत्र चालवलेले हात ते. "हं, आता बोल. मधलं काही ऐकू आलं नाही."

त्यानं फॉर्म स्वतःकडे ओढला.

"मग मी बोलतो. मला कुठेही बसवलं तर सारखं नाही. मला त्या गॅलरीत बसायचंय. सही करत नाही."

मुलगा तुझ्याकडे वळला. "आई, तू मुद्दाम केलंस हे."

"बटण तू दाबलंस," तू म्हणालीस. "मी फक्त बंद केलं नाही."

"तुला दिसत होतं ना?"

"दिसत होतं. आयुष्यभर काम काय केलं मी? ज्याच्याविषयी बोलणं चाललंय त्याला ऐकू जातंय ना, एवढंच बघत आले. घरात येऊन ते सोडू?" मग ट्रे पुढे सरकवलास. "चहा घे, गार होतोय."

त्यानं चहा घेतला नाही. फॉर्म घडी करून खिशात घातला आणि माझ्या शेजारून निघून गेला. मला वाटलं होतं, तू आता तरी कोसळशील. तू त्याचा कप उचललास आणि माझ्या हातात दिलास. "तुमच्याच अर्जाचं फळ हे, ताई. घ्या." मी तो मुकाट्यानं प्यायले.

याला पाच महिने झाले. भावोजी गॅलरीत असतात. माइक टेबलावर असतो. मुलाचा फोन येतो, बरं आहे ना म्हणतो, बरं आहे म्हणतेस, संपतं. आला मात्र नाही.

मध्येच एका बुधवारी तू कापडी पिशवी घेऊन वर आलीस. आत एक हेडफोन, नव्या बॅटऱ्या, बनियनऐवजी नव्या कापडाच्या टोप्या.

"उद्या गुरुवार, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाल ना? तिथून त्याचं घर दोन गल्ल्यांवर. देऊन या."

"अगं, तिथे याचा काय उपयोग? तुझी पेटी या इमारतीबाहेर ऐकू येत नाही."

"मलाच सांगताय होय ते?"

"मग सरळ फोन करून बोलाव त्याला."

"मी नाही बोलावणार. मी चुकले नाही. पण येऊ नको असंही म्हटलेलं नाही मी."

"बरं. पत्ता?"

"लिहून देते," म्हणालीस आणि खाली गेलीस.

त्याला सात गुरुवार झाले. प्रत्येक गुरुवारी मी पायात चपला घालून तुझ्या दारापुढून हळू जाते. दार उघडं असतं, तू आत काहीतरी करत असतेस, वर बघतेस, "निघालात का ताई" म्हणतेस, मी "निघाले" म्हणते. पत्त्याची चिठ्ठी तू देत नाहीस, मी मागत नाही. पिशवी माझ्या दारामागच्या खुंटीला आहे.